गुडघ्याचं निमित्त

खोटं बोलला तो मियाओ चांगशान. पण त्याची बायको यूझेन शेजारीच बसून मटार सोलत होती. तिनं सगळं ऐकलं आणि ती गप्प राहिली.

नववर्षाचा सण नुकताच उरकला होता. लुओयांगच्या त्या दोन खोल्यांच्या घरात दारावरचे लाल कागद अजून ताजे होते. हांगझौहून लेकीचा फोन आला. रानला सहावा महिना लागला होता, दुसऱ्या खेपेचा. नवरा पुलाच्या कामावर दूरच्या प्रांतात, महिन्यातून चार दिवस घरी. थोरली दौदौ पहिलीत.

"आई मार्चमध्ये आली तर बरं होईल," रान म्हणाली. "मला आता खाली वाकवत नाही."

फोन चांगशानच्या हातात होता, स्पीकरवर टाकलेला. त्यानं यूझेनकडे पाहिलंही नाही. "अगं, तुझ्या आईचा गुडघा गेलाय. डॉक्टरनं महिनाभर रोज शेक घ्यायला सांगितलंय. जिने बंद. एप्रिलमध्ये येईल ती."

 मग रान म्हणाली, "आईनं मला कसं नाही सांगितलं? आई, आहेस का तिथे? खूप दुखतं का गं?"

यूझेनच्या हातात अर्धी सोललेली शेंग तशीच राहिली. "थोडं थोडं," ती म्हणाली.

गुडघा तिचा कधीतरी दुखायचा, नाही असं नाही. एकोणसाठाव्या वर्षी कुणाचा दुखत नाही? पण भाजी मंडईतून दोन हातांत दोन पिशव्या घेऊन ती चार मजले न थांबता चढायची, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं.

फोन ठेवल्यावर ती नवऱ्यावर उखडली. "माझ्या गुडघ्याला मध्ये कशाला ओढलंस? तुझी कंबर नव्हती का?"

"माझी कंबर मोडली असती तरी तिनं तुलाच बोलावलं असतं," चांगशान म्हणाला.

हे मात्र खरं होतं. दौदौ चाळीस दिवसांची होती तेव्हा यूझेन हांगझौला गेली ती सहा वर्षं तिथेच. चांगशान लुओयांगला. आधी त्याची नोकरी होती म्हणून, मग त्याची आई अंथरुणाला खिळली म्हणून. एकतीस वर्षं त्यानं शहराच्या बसवर एकच रस्ता चालवला, स्टेशन ते दक्षिणेचा पूल, पूल ते स्टेशन. नवराबायको वर्षातून दोनदा भेटायची, नववर्षाला आणि ऑक्टोबरच्या सुट्टीत, तीही पाहुण्यांच्या गर्दीत. गेल्या थंडीत म्हातारी गेली. दौदौ शाळेत जायला लागली. यूझेन परत आली, तर घरात एक टक्कल पडलेला माणूस बसलेला, त्याच्या सवयी तिला नव्यानं शिकायच्या होत्या.

एके दिवशी कपाट आवरताना तिला एक शाळकरी वही सापडली. आत गावांची नावं आणि प्रत्येकाखाली खाण्याचे पदार्थ. शीआनचं मटणाच्या रश्शातलं भाकरीचं कालवण, चेंगदूचे सशाचं डोकं विकणारे ठेले, चोंगचिंगचं उकळतं लाल हॉटपॉट. तिनं विचारलं तेव्हा चांगशान ओशाळला. "रात्रीचं एकट्यानं जेवायचं म्हणजे काय करणार? फोनवर दुसऱ्यांची जेवणं बघायचो. बघता बघता लिहून ठेवायचो."

त्या गावांना तिला घेऊन जायचं म्हणूनच तो लेकीशी खोटं बोलला होता, आणि त्या वहीपायी यूझेनला फार दिवस रागावता आलं नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दोघांनी दोन पाठपिशव्या भरल्या. गॅसचा कॉक दोनदा तपासला. शेजारच्या पेंगबाईला सांगितलं, माहेरी चाललोय. हे दुसरं खोटं. पहिल्याइतकं जड गेलं नाही.

*

शीआनला पहिल्या दुपारी ते गल्लीतल्या एका जुन्या खानावळीत बसले. तिथे गिऱ्हाईकाला आधी घट्ट भाकरी आणि रिकामा वाडगा देतात. भाकरी आपल्या हातानं कुस्करायची, मग आतला आचारी त्यावर रस्सा घालून शिजवून देतो. यूझेननं चोवीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेली. तिनं सोयाबीनच्या दाण्याएवढे तुकडे करायला घेतले, मान खाली घालून, जणू परीक्षेला बसलीय. चांगशाननं पाच मिनिटांत आपल्या भाकरीचे मोठमोठे तुकडे करून टाकले.

वाडगे न्यायला आलेल्या बाईनं त्याचा वाडगा उचलून पाहिला. "काका, हे कोंबड्यांना घालायचंय का?"

"बसचा ड्रायव्हर आहे तो," यूझेन म्हणाली. "त्याला पुढच्या थांब्याची घाई."

बाई हसली. चांगशानही हसला आणि निमूटपणे पुन्हा तुकडे करत बसला. रस्सा आला. चांगशाननं पहिला घोट घेऊन थोडा विचार केला. लुओयांगच्या माणसाला सकाळच्या बीफच्या रश्शापुढे जगातला कुठलाच रस्सा पटत नाही. "बरा आहे," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हे म्हणजे फारच झालं.

यूझेनला तो क्षण लक्षात राहिला. कारण त्याच क्षणी तिला वाटलं होतं, आपण सुखात आहोत. आणि लगेच तिला रान आठवली.

संध्याकाळी रानचा व्हिडिओ फोन यायचा. त्यासाठी यूझेननं स्टेशनवरच्या औषधांच्या दुकानातून गुडघ्याला लावायच्या काळ्या पट्ट्या घेतल्या होत्या. फोनची वेळ झाली की लॉजच्या खोलीत पडद्याला पाठ लावून बसायचं, पायजमा वर ओढायचा, एक पट्टी चिकटवायची. चांगशान दाराशी उभा राहून बाहेरच्या बोळातला आवाज आत येतोय का ते बघायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तर ते शहराच्या जुन्या तटबंदीवर सायकली चालवून आले होते, पुरे चौदा किलोमीटर. तिच्या मांड्या खरोखरच भरून आल्या होत्या.

"आज कसं आहे?" रान विचारायची.

"कालच्यापेक्षा बरं."

"शेक घेतलास ना? उभी राहून स्वयंपाक करू नकोस. बाबांना करू दे."

मध्येच दौदौनं तोंड घातलं. "आजी, आपल्या घराला पिवळा पडदा कधी लावला?"

"जुना धुवायला टाकलाय बाळा."

फोन बंद झाल्यावर यूझेननं पट्टी सोलायला घेतली. कातडी ओढली गेली, तेव्हा तिला जरा बरं वाटलं, निदान काहीतरी दुखलं म्हणून.

तीन दिवसांनी पेंगबाईचा निरोप आला. हांगझौहून पार्सल आलंय, गुडघ्याला बांधायचं गरम पाण्याचं यंत्र दिसतंय, तू माहेरी आहेस हे लेकीला माहीत नाही का? यूझेननं उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी लिहिलं, तुमच्याकडेच ठेवा, आल्यावर घेते. पेंगबाईनं एक हसरं तोंड पाठवलं. त्या हसऱ्या तोंडाचा अर्थ काय घ्यायचा हे यूझेनला कळेना, आणि त्या दिवशीचे शेवयांचे दोन वाडगे तिला गोड लागले नाहीत.

*

चेंगदूला बागेतल्या चहाघरात वेताच्या खुर्च्या, झाकणाचे पेले, शेजारच्या टेबलावर पत्त्यांचा डाव. कान साफ करणारा एक माणूस लोखंडी चिमटा वाजवत फिरत होता. चांगशाननं आपले दोन्ही कान त्याच्या हवाली केले आणि डोळे मिटून असा काही पडला की यूझेनला हसू आवरेना.

"काय निघालं?" तिनं कानवाल्याला विचारलं.

"एकतीस वर्षांचे हॉर्न," चांगशान डोळे न उघडता म्हणाला.

त्यांनी दुपारी सशाची डोकी खाल्ली, हातांत घेऊन, तोंड लाल करून. यूझेनला आधी ते दात बघूनच नको वाटलं, पण गालाचं मांस तोंडात गेल्यावर तिनं दुसरं मागवलं. मग त्यांनी गोड तिळाच्या चटणीतल्या जाड शेवया खाल्ल्या. एका टपरीवरच्या टोफूत सिचुआनी मिरं नेमकं कधी घालतात यावर तिनं तिथल्या बाईशी अर्धा तास वाद घातला. बाई म्हणायची शेवटी, यूझेन म्हणायची दोनदा घालत असणार, एकदा तेलात आणि एकदा वरून. शेवटी बाईनं कबूल केलं. यूझेन तिथून निघाली ती एखादी स्पर्धा जिंकल्यासारखी.

पाच वाजता ती थबकली. सबंध दुपारभर तिला रानची आठवण झाली नव्हती. लेकीचं पोट, दौदौचा डबा, तिच्या जिन्यावरची सैल फरशी, काही काही नाही. कुणीतरी तिच्या डोक्यातून ते घर उचलून नेलं होतं आणि तिला पत्ताही नव्हता.

"सांगून टाकू या," ती चांगशानला म्हणाली.

"परत गेल्यावर सांगू."

"आज सांगू. ती काय नाही म्हणणार आहे का?"

"नाही म्हणणार नाही," चांगशान सावकाश म्हणाला. "म्हणेल, जा ना आई, मजा करा. आणि मग मोरीत जाऊन रडेल. तुझी लेक आहे ती. म्हणून तर मला सांगवलं नाही. रानरानची आई, चारच दिवस राहिलेत. चोंगचिंग बघू आणि मग मी स्वतः तुला हांगझौच्या गाडीत बसवतो. एप्रिलही लागलेला नाही अजून."

'रानरानची आई', लेकीच्या लाडक्या नावावरून, असं तो तिला लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षापासून म्हणायचा. त्या दिवशी ते तिला टोचलं.

*

चोंगचिंगला जिनेच जिने. एका इमारतीत तळमजल्यावरून शिरावं, लिफ्टनं बाराव्या मजल्यावर जावं आणि बाहेर पडावं तर पुन्हा रस्ताच. यूझेन दोन दिवसांत दोन हजार पायऱ्या तरी चढली असेल. गुडघा कुरकुरला नाही. त्याच्या धडधाकटपणाची तिला शरम वाटत होती.

शनिवार होता. नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरात खोदलेल्या, युद्धकाळातल्या आसऱ्याच्या भुयारात थाटलेल्या एका हॉटपॉटच्या दुकानात त्यांना अर्धा तास थांबून जागा मिळाली. दुपारचा एक वाजला होता. टेबलाच्या मधोमध कढई, तिच्यात लाकडी पट्ट्यांचे नऊ कप्पे, गाईच्या चरबीचा लाल रस्सा रटरटत होता आणि वर मिरच्यांचा थर. सगळीकडे वाफ, आरडाओरडा, शेजारी कुणीतरी दारूच्या पैजेचा बोटांचा खेळ खेळत ओरडत होतं. चांगशानचं टक्कल घामानं चमकत होतं. गाईच्या जठराचा पातळ तुकडा जेवणाच्या काड्यांनी धरून रश्शात किती वेळा बुडवायचा, हे तो मोठ्यानं मोजत होता.

टेबलावरचा फोन थरथरला. पडद्यावर रानचं नाव, व्हिडिओ फोन.

यूझेननं इकडेतिकडे पाहिलं. इथे पडदा नव्हता. मागे लाल वाफ, मोठमोठ्यानं बोलणारी माणसं. रान दुपारी कधी फोन करत नसे.

"उचल," चांगशान म्हणाला. मग आजूबाजूला बघून म्हणाला, "की बाहेर जाऊन करतेस?"

"बाहेरही तसलाच गोंधळ. जेवून खोलीवर जाऊ, मग करते."

फोन थांबला. तिनं एक घास घेतला. फोन पुन्हा थरथरला. ती त्याच्याकडे बघत राहिली, तो थांबेपर्यंत. तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा तिनं तो हातात घेतला आणि पालथा घातला. मग आपल्या काड्या पुन्हा रश्शात घातल्या.

जेवण चांगलं होतं. तेच तर. पुढे कितीतरी दिवस तिला आठवायचं की चौथ्या-पाचव्या घासाला ती फोन विसरलीसुद्धा होती.

पावणेदोनला ती बाहेर येऊन पायऱ्यांवर उभी राहिली आणि तिनं रानला फोन लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. तेवढ्यात जावयाचाच फोन आला. पेईमिंग कधी तिला फोन करत नसे.

"आई," तो म्हणाला, त्याचा आवाज धापा टाकल्यासारखा येत होता, "रानला दवाखान्यात नेलंय. रक्त जायला लागलं अचानक. समोरच्या युआनताई घेऊन गेल्यात. मी विमानतळावर चाललोय. तुम्ही घाबरू नका, तुमचा गुडघा... तुम्ही येऊ नका, मी बघतो सगळं. फक्त तिनं तुम्हाला फोन केला तर उचला."

यूझेन पायरीवर बसली. चांगशाननं तिच्या हातातून फोन घेतला, दोन शब्द बोलला आणि ठेवला. मग तो तिच्याशी काही न बोलता खाली रस्त्याकडे धावत सुटला, टॅक्सी धरायला. बासष्ट वर्षांचा माणूस, दोन-दोन पायऱ्या एकदम.

*

विमानात ते पहिल्यांदाच बसले. यूझेनला त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की चांगशान पूर्ण वेळ आपल्या मांडीवर उताणे ठेवलेले दोन्ही हात बघत होता. उतरताना म्हणाला, "मी फोनवर तुझा गुडघा काढायला नको होता."

"मी नको म्हणायला हवं होतं."

याहून जास्त ते बोलले नाहीत.

संध्याकाळी ते रानच्या घरी पोचले. दौदौ समोरच्या युआनताईंकडे जेवत होती. युआनताई निवृत्त शिक्षिका, एकटी, स्पष्ट बोलणारी बाई. दारातच तिनं सांगितलं, "रक्त थांबलंय. बाळ ठीक आहे. वार खाली सरकलीय म्हणतात. आता बाळंत होईपर्यंत पाठीवर पडून राहायचं." मग तिनं यूझेनच्या पायांकडे पाहिलं. यूझेन चार मजले धावत आली होती. 

दौदौ वाडगा सोडून आली आणि आजीच्या कमरेला तिनं मिठी मारली. बराच वेळ तिनं डोकं वर केलं नाही. मग कोटात तोंड खुपसूनच म्हणाली, "आई बाथरूममध्ये खाली बसली होती. आईनं दोनदा तुला लावला. मग तिला धरवेना, मग मी लावला. आजी, तुला ऐकू नाही आला?"

यूझेनच्या घशात मिरचीची आग अजून होती.

"नाही बाळा," ती म्हणाली. "फोन पिशवीत होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्यांना आत सोडलं. रानच्या पायांखाली उशा लावून पलंग उंच केला होता. पेईमिंग खुर्चीत बसल्या बसल्या झोपला होता. रानचा चेहरा कागदासारखा, पण आईला बघून तिनं उठायचा प्रयत्न केला. "आई, कशाला आलीस? आपल्या घराचे चार मजले कशी चढलीस?"

यूझेन जवळ गेली, तिनं लेकीच्या कपाळावर हात ठेवला. रानचं नाक हललं. त्या दिवसांत तिला लांबून वास यायचे.

"कोटाला कसला वास येतोय?" ती म्हणाली. आणखी एकदा श्वास घेतला. "मिरं. चरबी. आई, हा हॉटपॉटचा वास आहे."

 पेईमिंग जागा झाला, सासूकडे, मग सासऱ्याकडे पाहू लागला.

"आम्ही चोंगचिंगला होतो," यूझेन म्हणाली. "त्याआधी चेंगदूला. त्याआधी शीआनला. गुडघ्याला काही झालेलं नाही."

"खोटं मी बोललो," चांगशान पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. "तिचा काही दोष नाही. मला तिला घेऊन फिरायचं होतं."

"बोललात तुम्ही, बाबा," रान म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक होता. "पण दुखतं का म्हणून मी आईला विचारलं होतं."

यूझेननं तिच्या कपाळावरचा हात काढून घेतला.

"मी तिच्यासाठी डॉक्टर शोधत होते. इथल्या. दोन ठिकाणी नंबर लावून ठेवलेत." रान थांबली. "इतकी भीती वाटते तुम्हाला माझी? तुम्ही नुसतं म्हणाला असतात, की आम्हाला फिरायचंय."

याला उत्तर होतं, पण ते दवाखान्यात द्यायचं नव्हतं. सहा वर्षं कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही कधी सांगितलं नाही. यूझेननं ते गिळलं. रान भिंतीकडे तोंड करून पडली. थोड्या वेळानं म्हणाली, "दौदौला साडेअकराला जेवण लागतं."

*

आठ दिवसांनी रानला घरी सोडलं. पेईमिंगला कामावर परतावं लागलं. यूझेननं स्वयंपाकघर हातात घेतलं. चांगशान हांगझौलाच राहिला, दिवाणखान्यातल्या सोफ्यावर झोपायला. सकाळी दौदौला शाळेत सोडायचं, भाजी आणायची, कपडे वाळत घालायचे. या घरात एवढे दिवस तो कधीच राहिला नव्हता. मीठ कुठे आणि मोरीचा दिवा कुठे हे तो दौदौला विचारायचा.

रान बोलायची, पण कामापुरतं. पाणी दे, खिडकी लाव, सूप खारट आहे. आई म्हणून हाक मारायची, तीही गरजेपुरती. यूझेनला ते योग्यच वाटायचं. ती रोज मासे उकळून पांढरं सूप करायची, काटे काढून, आणि वाडगा ठेवून मागच्या मागे बाहेर यायची.

पण एक गोष्ट तिच्या लक्षात यायला लागली. दौदौ फोनपासून हलेना. शाळेतून आली की आईचा फोन घेऊन बसायची, चार्ज बघायची, उघडायची, बंद करायची. एका संध्याकाळी यूझेन शेंगा निवडत होती तेव्हा दौदौ तिच्यासमोर फोन धरून म्हणाली, "आजी, मला शिकव ना. फोन लावताना हिरवं दाबायचं की कॅमेऱ्याचं चित्र?"

"तुला येतं की."

"नाही येत." दौदौ खाली बघत म्हणाली. "त्या दिवशी मी चुकीचं दाबलं. म्हणून तुला ऐकू आला नाही. आईचं बरोबर लागलं असेल, पण तुझा फोन पिशवीत होता. मग माझं तरी बरोबर लागायला हवं होतं ना. तोवर तू फोन पिशवीतून काढलाही असशील."

किती दिवस या पोरीच्या मनात हे चाललं होतं देव जाणे. सगळं तिनं एकटीनं जुळवलं होतं, आणि चूक शोधून स्वतःच्या पदरात घेतली होती.

यूझेननं शेंगांची टोपली बाजूला ठेवली. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तिला ते दिसत होतं. उठून ते लावावं असं एकदा मनात आलं. ती उठली नाही.

"तू बरोबर दाबलं होतंस," ती म्हणाली. "मला फोन आलेला कळला होता. तिन्ही वेळा. फोन पिशवीत नव्हता, टेबलावर माझ्यासमोर होता."

दौदौ तिच्याकडे बघत राहिली. "मग?"

"मी उचलला नाही. तिसऱ्या वेळी मी तो पालथा घालून ठेवला."

"का?"

"मी खोटं बोलले होते की मी घरी आहे, पाय दुखतोय. फोन उचलला असता तर तुम्हाला दिसलं असतं मी कुठे आहे. म्हणून घाबरले. आणि तुला त्या रात्री पिशवीत होता म्हणून सांगितलं, तेही खोटं."

सात वर्षांच्या पोरीच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते यूझेननं पाहिलं. तिनं नजर वळवली नाही. एवढं तरी करावं, असं तिला वाटलं.

"म्हणजे मी बरोबर लावला होता," दौदौ म्हणाली.

"अगदी बरोबर."

दौदौ उठली आणि आतल्या खोलीत गेली. तिचा आवाज आला, "आई, मी बरोबर लावला होता. आजीनं उचलला नाही."  मग दौदौ बाहेर आली, आजीकडे न बघता बाल्कनीत आजोबांकडे गेली.

"आई," रानची हाक आली. "आत ये. दार लाव."

यूझेन आत गेली. रान उशीला टेकून बसली होती. तिचे डोळे कोरडे होते. तिनं बोलायला सुरुवात केली तेव्हा आवाज हळू होता, मग चढत गेला. त्या फरशीवर बसून ती काय काय मोजत होती ते तिनं सांगितलं. पहिल्या फोनला वाटलं, आई उठून येत असेल, गुडघा आहे. दुसऱ्याला वाटलं, शेक घ्यायला गेली असेल. आपण तिला कशाला त्रास देतोय असंही वाटलं. मग म्हणाली, माझ्या लेकीच्या हाताला रक्त लागलं होतं आणि ती फोन पायजम्याला पुसून पुन्हा लावत होती. मग म्हणाली, तू तिथे खात होतीस. शेवटी रडू फुटलं तसे शब्द मोडायला लागले, तरी ती थांबली नाही. लहानपणापासून रान अशी कधी भांडली नव्हती. यूझेन उभीच होती. तिनं समर्थन केलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. त्या हाताला तिथे जागा नव्हती हे तिला कळत होतं.

रान दमली. नाक पुसून म्हणाली, "आणखी काही राहिलंय का सांगायचं?"

यूझेननं विचार केला. "राहिलंय," ती म्हणाली. "मला मजा आली. तिन्ही गावांत. तुझी आठवण नव्हती एका दुपारी, पूर्ण दुपारभर. त्याचंच मला सगळ्यात जास्त लागलंय. फोनचं वाईट वाटतं ते वेगळं. पण ते दिवस नकोच होते असं म्हणायला गेले तर तेही खोटं होईल."

बाल्कनीतून चांगशानचा आणि दौदौचा काहीतरी मोजल्याचा आवाज येत होता, बहुधा कपड्यांचे चिमटे.

"ते दिसत होतं मला," रान म्हणाली. "रोज फोनवर वाटायचं, एवढं दुखत असून आईचा चेहरा किती टवटवीत दिसतोय. पेईमिंगला म्हटलंही होतं मी."

  थोड्या वेळानं रान आडवी झाली, तेव्हा यूझेननं तिच्या पायांखालची घसरलेली उशी वर सारली आणि ती बाहेर आली.

रानला मुलगी झाली मेच्या तिसऱ्या आठवड्यात, जरा लवकर, पण वजनानं चांगली. बाळंतपणाच्या महिन्यात दोघी मायलेकी एकाच खोलीत झोपायच्या, बाळ मध्ये. एका पहाटे दूध पाजता पाजता रान अचानक म्हणाली, "त्या टोफूत मिरं दोनदा घालतात म्हणे. बाबा सांगत होते."

"दोनदा," यूझेन म्हणाली. "एकदा तेलात, एकदा वरून."

"मग आपल्याकडे एकदाच का घालतेस?"

"मला तेव्हा माहीत नव्हतं."

रान 'हं' म्हणाली. बाळाला तिनं दुसऱ्या बाजूला घेतलं. ती चेंगदूबद्दल आणखी काही विचारेल असं यूझेनला वाटलं, आणि विचारू नये असंही वाटलं. रानचा डोळा लागला. यूझेन अंधारात तशीच बसून राहिली, बाळाची ढेकर काढायची बाकी होती.